हार्नी काउंटी: गोल तबेला, पाणथळ आणि जमिनीचा जुना तंटा

अमेरिकेतल्या ओरेगन राज्याच्या आग्नेयेची हार्नी काउंटी सुमारे २६,५०० चौरस किलोमीटरची, म्हणजे महाराष्ट्रातल्या सर्वांत मोठ्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या दीडपटीहून मोठी. २०२० च्या जनगणनेत माणसे मात्र ७,४९५. तिथली सुमारे तीन चतुर्थांश जमीन केंद्र सरकारची आहे आणि काउंटीचे राजकारण बहुतांशी याच एका गोष्टीभोवती फिरते. मे महिन्यात आम्ही तिथे तीन दिवस हिंडलो. बेंड शहराहून काउंटीचे मुख्य गाव असलेल्या बर्न्सपर्यंतच्या १३० मैलांत सेजब्रश झुडपांच्या करड्या माळाखेरीज फारसे काही लागत नाही, तेव्हा पेट्रोलची टाकी, पाणी आणि शिधा यांची सोय बर्न्समध्येच करावी. पुढे मोबाइलची रेंज भरवशाची नाही.

डायमंडजवळचा गोल तबेला चुकवू नये. गुरांचा बडा मालक पीट फ्रेंच याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घोडे हिवाळ्यात फिरवण्यासाठी तो बांधला. आत दगडी भिंतीचे कडे आहे आणि मधोमध छताला तोलून धरणारा जुनिपरचा जाड, गाठाळ खांब; फटींतून येणारे ऊन त्याच्यावरून सरकताना पाहत आम्ही बराच वेळ उभे होतो. मॅल्हूर तलावाचे पाणी हटले की उघडी पडणारी जमीन कोणाची, यावरून फ्रेंच आणि नवे वसाहतकरी यांच्यात हाडवैर होते. २६ डिसेंबर १८९७ रोजी एड ऑलिव्हर नावाच्या वसाहतकऱ्याने त्याला गोळी घालून ठार केले आणि ज्यूरीने ऑलिव्हरला निर्दोष सोडले. गावाचा कल कोणाकडे होता, हे त्या निकालावरून कळावे.

हे भांडण मुळात दुसऱ्याच्याच जमिनीवरचे होते. इथल्या मूळ रहिवासी पायूट लोकांसाठी १८७२ मध्ये राखून ठेवलेला प्रदेश, बॅनॉक व पायूट जमाती आणि अमेरिकी सैन्य यांच्यातल्या १८७८ च्या बॅनॉक युद्धानंतर, गेला आणि जानेवारी १८७९ मध्ये, भर थंडीत, त्यांना शेजारच्या वॉशिंग्टनमधल्या याकामा राखीव प्रदेशापर्यंत हाकलत नेण्यात आले. त्यांतले जे पुढे परतले, त्यांचे वंशज आज बर्न्सजवळ राहतात.

बर्न्सपासून तीसेक मैलांवरचे मॅल्हूर पक्षी अभयारण्य १९०८ मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांनी जाहीर केले. २ जानेवारी ते ११ फेब्रुवारी २०१६ या ४१ दिवसांत सशस्त्र गटाने त्याचे मुख्यालय बळकावले, ते सरकारी जमिनीवर आग लावल्याबद्दल दोषी ठरलेल्या हॅमंड या स्थानिक रँचवाल्या पितापुत्रांच्या शिक्षेचे निमित्त करून. त्या दोघांना २०१८ मध्ये राष्ट्रपतींची माफी मिळाली. म्होरके बाहेरचे होते, आणि टीव्हीवर न दिसलेली गोष्ट अशी की अभयारण्याचा २०१३ चा आराखडा शेतकरी, पायूट, पर्यावरणवादी आणि सरकारी अधिकारी यांनी एकत्र बसून आखला होता. केंद्रावरची नाराजी मात्र संपली नाही: नोव्हेंबर २०२१ मध्ये राज्याची सीमा बदलून शेजारच्या आयडाहो राज्यात जाण्याच्या ठरावाच्या बाजूने इथल्या मतदारांनी कौल दिला.

पक्ष्यांसाठी एप्रिल-मे उत्तम, जूनमध्ये डास छळतात. स्टीन्स पर्वताच्या वळसेदार रस्त्याची फाटके बर्फ वितळेपर्यंत, बहुधा जुलैपर्यंत, उघडत नाहीत. पावसानंतर कच्च्या वाटेने जाऊ नये. आमची गाडी नकाशावर विसंबून क्षाराच्या चिखलात रुतली आणि दोन तासांनी एका रँचवाल्याने ट्रकने ओढून काढली. त्याने पैसे घेतले नाहीत. फक्त येताना लागलेले फाटक आम्ही लावून घेतले होते ना, एवढे विचारले.