फोटो कुठे आहेत?

दर मे महिन्यात एक दिवस रजा टाकून मी नेरूळला, टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेच्या मागच्या पाणथळीवर, परतीच्या वाटेवरचे फ्लेमिंगो बघत बसतो, आणि संध्याकाळी घरी आलो की सोसायटीत, कचेरीत, सासुरवाडीत एकच प्रश्न येतो: फोटो कुठे आहेत? इतकी वर्षे मी बॅटरी संपल्याचे सांगत आलो. तुम्ही पुन्हा विचारलंत म्हणून यंदा खरे सांगतो.

२०१७ च्या एप्रिलअखेरीस मी एका नाखव्याची होडी ठरवून वाशीच्या पुलापलीकडे ठाणे खाडीत गेलो होतो. ओहोटी लागली होती, चिखल उघडा पडत होता आणि त्यावर लहान रोहितांचा, म्हणजे लहान जातीच्या फ्लेमिंगोंचा, मोठा थवा माना खाली घालून, चोची उलट्या धरून, पाण्यातले शेवाळ गाळून खात होता. खाली मान घातलेले रोहित फोटोत विटक्या गुलाबी चादरीसारखे दिसतात. पंखांतला लाल-काळा रंग हवा असेल तर ते उडायला हवेत. मी होडी आणखी आत घ्यायला सांगितली. "साहेब, त्यांची जेवायची वेळ आहे, उठवू नका," नाखवा म्हणाला. मी दोनशे रुपये वाढवून दिले. त्याने ते घेतले, इंजिन बंद करून बांबूने होडी पुढे रेटली आणि त्यानंतर धक्क्याला लागेपर्यंत तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. थवा नुसता सरकत राहिला, उडेना. तेव्हा मी उभा राहून टाळ्या वाजवल्या.

ते पाण्यावरून धावत उठले, माना ताणल्या गेल्या, पंख उघडले, आणि मला हवा होता तो फोटो मिळाला. मागे चिखलात एक राखाडी पक्षी उरला. पहिली दोन-तीन वर्षे रोहित असाच मळकट असतो, गुलाबी रंग त्याला अन्नातून सावकाश चढतो. तो पंख फडफडवत चार पावले धावला आणि बसला. पुन्हा उठला, पुन्हा बसला. तिसऱ्यांदा तो उठला नाही, मान तेवढी उभी धरून आमच्याकडे बघत राहिला. तिथवर होडी जाण्याइतके पाणी नव्हते आणि चिखलात उतरण्याची माझी छाती झाली नाही.

तो फोटो पुढच्या वर्षी सोसायटीच्या दिनदर्शिकेत मे महिन्याच्या पानावर आला. छापण्यापूर्वी छापखान्यातून फोन आला होता की खालच्या कोपऱ्यात एक डाग आहे, काढू का? मी म्हणालो, काढा.

माझ्यातला तेव्हाचा माणूस अजूनही वाद घालतो. तो पक्षी आधीच आजारी असेल, म्हणतो. मे २०२४ मध्ये घाटकोपरला विमानाची धडक बसून तीसहून अधिक फ्लेमिंगो मेले, त्यापुढे तुझ्या चार टाळ्या कसल्या? शिवाय २०१५ मध्ये अभयारण्य आणि २०२२ मध्ये रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, ठरलेल्या या खाडीला, लोकांनी फोटो पाहिले नसते, तर कोणी विचारले असते? त्याचे हे शेवटचे म्हणणे मला खोडता येत नाही. मी एवढेच म्हणतो की त्या दिवसांत हे पक्षी गुजरातकडच्या रात्रीच्या उड्डाणासाठी अंगात शिदोरी भरून घेत असतात, आणि ज्या खाडीला अभयारण्य म्हणतात, तिथेच मी त्यांना ताटावरून उठवले. त्यावर तो गप्प बसतो, पण पटले म्हणून नव्हे.

यंदा माझ्या शेजारी कॅमेरा घेतलेला एक कॉलेजचा मुलगा उभा होता. भरतीमुळे खाडीतला चिखल बुडाल्याने सारा थवा तळ्यात एका पायावर विसावला होता. "काका, हे उडणार कधी?" त्याने दोनदा विचारले. भरती ओसरली की आपणहून खाडीकडे जातील, मी म्हणालो. तो बिचारा उन्हात तीन तास थांबला. ते उडाले तेव्हा त्याच्या कॅमेऱ्याचा खटखटाट ऐकताना माझा हात सवयीने गळ्यातला पट्टा चाचपू लागला. निघताना मी त्याला माझा नंबर दिला आणि एक तरी फोटो पाठव म्हणालो.

त्याने पाठवला. माझ्या मोबाइलमध्ये आहे. तुम्ही मागितलात तरी दाखवणार नाही.