बागेतला किंजळ ठेवावा की तोडावा?

वरकस म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीत कलमांसाठी साफसफाई सुरू झाली की हा प्रश्न हमखास येतो: "ऐन-किंजळ, उंबर अशी रानझाडं बागेत राखली तर पाखरं आणि किडे वाढतात म्हणे. मग आंबा-काजूचं काय?" तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर.

वाढतात, यात वाद नाही. कोणते वाढतात ते बघू.

7 बाय 7 मीटरवर हेक्टरी साधारण 200 काजू बसतात. लांबून रान हिरवंगार दिसतं, पण जात एक, उंची एक, मोहोरही एकदमच. डिसेंबर ते फेब्रुवारी मधमाश्यांची चंगळ, पुढे उपास. गडग्याला (दगडी कुंपणाला) करंज असला तर एप्रिल-मे निभतो, पाऊस सरताना किंजळ फुलतो. 1990 पासून रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेमुळे कोकणात कलमं भरपूर झाली, पण अनुदान लावलेल्या कलमाला होतं, राखलेल्या झाडाला नाही. खरं मोल राखलेल्याचंच. ककणेराला, म्हणजे धनेश पक्ष्याला, स्वतः ढोली कोरता येत नाही, त्याला जुन्या जाड खोडातली आयती ढोली लागते. ती नव्या रोपाला आपल्या हयातीत यायची नाही. म्हणून आधी राखणं, मग लावणं.

आता तांबड्या मुंग्या. कोणी ओंबील म्हणतं, कोणी हुमले. पानं एकमेकांना शिवून गोळा करतात त्या. काजूच्या कोवळ्या पालवीवर आणि मोहोरावर ढेकण्या हा रस शोषणारा किडा सोंड खुपसतो, तिथे काळे डाग पडतात आणि शेंडा वाळतो. या मुंग्या त्याची पिल्लं उचलून नेतात. एका झाडावरून दुसऱ्यावर सुतळी बांधून दिली की त्या पसरतात. मात्र दोन वेगळ्या वसाहतींची झाडं जोडलीत तर त्या आपसातच लढून मरतात. शिवाय गोड चिकट्यासाठी त्या पिठ्या ढेकूण सांभाळतात, तेव्हा फांद्यांवर पांढरा कापूस दिसतोय का यावर नजर हवी. काजू जमिनीवरून वेचायचा असल्याने त्यांचा त्रास कमी. आंब्यावर झेला (फळं उतरवायची जाळीची काठी) घेऊन चढणारा मात्र शिव्या घालणार.

पाखरांचा तोटाही आहे. फुलटोच्या हा चिमुकला पक्षी बांडगुळाची फळं खातो आणि चिकट बी फांदीला लागतं. बांडगूळ नुसतं ओरबाडलं तर पुन्हा फुटतं. गाठीच्या हातभर खालून फांदीच कापा, तीही फळ धरायच्या आत, आणि कापल्या जागी बोर्डोपेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा.

सावलीचा हिशेब सोपा आहे. काजूला सावलीत मोहोर येत नाही. मोहोराच्या दिवसांत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि सावली उत्तरेला पडते. म्हणून उंच झाडं शक्यतो उत्तरेच्या बांधाला आणि पऱ्ह्याच्या (ओढ्याच्या) काठाला राखा. मधे असलेल्या झाडाच्या खालच्या फांद्या पावसाळ्याआधी छाटा. सगळी तोडायचं कारण नाही. कुंपणाला गिरिपुष्प चालेल, त्याचा पाला खतालाही होतो. आकेशिया मात्र नको, त्याचा पाला लवकर कुजत नाही.

हे सगळं करून मोहोर उमललेला असताना फवारणी केलीत, तर केलेलं पाण्यात. आंब्याचं परागीभवन मुख्यतः माश्या करतात, आणि फवारा मोहोराचा रस शोषणाऱ्या तुडतुड्याला वेगळा, माशीला वेगळा असं करत नाही.

कातळसड्याचं, म्हणजे उघड्या जांभ्या दगडाच्या पठाराचं, गणित मात्र उलटं. तिथे झाड लावणं म्हणजेच नुकसान. उघड्या कातळावरच्या चिमूटभर मातीत दीपकाडी आणि सीतेची आसवं ही छोटी फुलझाडं उगवतात. कातळ फोडून, बाहेरची माती भरून कलमं लावली की ती जागा गेली. सड्यावर बाग करायचीच असेल तर पाणी साचणारे उथळ खळगे सोडा आणि कडेच्या खोल मातीतच खड्डे घ्या. आखणीची दोरी एप्रिलमध्ये ताणू नका. तेव्हा सडा नुसता काळा दगड दिसतो. जून ते सप्टेंबर दोन-तीनदा चक्कर मारा, कुठे काय उगवतं तिथे खुणेचा दगड ठेवा, मग आखणी करा.