गाडी दवाखान्यासमोर दिसली की झालं

मानसोपचारतज्ज्ञ दोन तासांच्या अंतरावर, बस दिवसाला एकच. हे खरंच आहे, पण मी त्याचं निमित्तही केलं. भीती वेगळीच होती: आपली गाडी त्या दवाखान्यासमोर दिसली की संध्याकाळपर्यंत साऱ्या वस्तीला कळणार.

सहा-सात महिने पहाटे तीनला जाग यायची. कामं उरकायचो, पण कशात जीव नव्हता. घरचे म्हणायचे, दमलायस. मीही तेच म्हणायचो.

ग्रामीण भागातल्या मानसिक आरोग्यावर एक अभ्यास सुरू झाला, त्यात नाव दिलं. 'मदत हवी' म्हणायला जीभ रेटली नसती. 'माहिती देतो' म्हणणं सोपं गेलं. संमतीपत्रात होतं, नाव गुप्त राहील. मी विचारलं, वय, धंदा, मुलं किती, हे छापणार ना? मग नाव कशाला हवं? एवढ्यावर तर शेंबडं पोरगंही मला ओळखेल. संशोधक बाई थबकल्या. नेमक्या वयाऐवजी वयोगट घालू, मुलांचा उल्लेख गाळू म्हणाल्या. कारण न सांगता कधीही बाहेर पडता येईल, हेही परत वाचून दाखवलं.

मग पीएचक्यू-९, म्हणजे नैराश्य किती आहे ते मोजणारी प्रश्नावली. गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. नववा मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल. 'काही दिवस', मी म्हणालो. बाईंनी घाई केली नाही, दचकल्याही नाहीत. असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, हे मला नंतर कळलं. तेव्हा फक्त हायसं वाटलं. एकूण सतरा. त्याच दिवशी भावाला बोलावून घेतलं, फवारणीची औषधं कुलपात गेली आणि किल्ली त्याच्याकडे.

पुढचं काम फोनवर, तेही डॉक्टरशी नाही, प्रशिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्याशी. तज्ज्ञ मोजके, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेचा एमएचगॅप कार्यक्रम 2008 पासून हीच वाट धरून आहे. मला आधी वाटलं, आपल्या वाट्याला दुय्यमच येणार. रेंज फक्त पाण्याच्या टाकीमागे, तिथे उकिडवं बसून बोलायचो. कुणी आलं की 'हो, खताचं बघतो' म्हणायचो. तोही समजून घ्यायचा.

उपाय इतका साधा की राग आला. मन लागेल तेव्हा करू असं नाही. आधी करायचं, मन मागून येतं. रोज एक छोटं काम वहीत लिहायचं आणि त्यानंतर कसं वाटलं तेही. पहिल्या पानावर आहे: 'कुंपणाची तार ओढली. काही वाटलं नाही.' नवव्या पानावर: 'बरं वाटलं, थोडं.'

चौथ्या फोननंतर न सांगता माणूस बदलला. पहाटेच्या तीनपासून सगळं पुन्हा सांगावं लागलं. त्या आठवड्यात मी सोडणारच होतो. अभ्यास करणाऱ्यांनी याची नोंद घेतली म्हणे. मला नोंद नको होती, तोच माणूस हवा होता.

चार महिन्यांनी सतराचे आठ झाले. झोपेच्या प्रश्नाला अजून 'निम्म्याहून अधिक दिवस' हेच उत्तर आहे. किल्ली मी अजून मागितलेली नाही.