पवनचक्की हवी की नको हे नंतर, आधी नकाशा मागा

गावाजवळ पवनचक्क्या येणार अशी कुणकुण लागली की पंधरा दिवसांत गावात दोन तट पडतात. एका तटाला वर्षाचं भाडं दिसायला लागतं, दुसऱ्याला रात्रीची झोप उडालेली दिसते. मग सभा भरते. पण सभेच्या वर्ष-दोन वर्षं आधीच मोक्याच्या जमिनींचे ‘ऑप्शन’ करार झालेले असतात. ऑप्शन म्हणजे जमीन राखून ठेवणं: ठरावीक वर्षांत कंपनीला हवं असेल तर भाडेपट्टा लागू होतो, नको असेल तर ती थोडकी रक्कम सोडून निघून जाते. अशा करारात बहुधा गुप्ततेचं कलम असतं, त्यामुळे सही केलेला माणूस बांधालगतच्या शेजाऱ्यालाही काही सांगू शकत नाही. सभेत ते उघड होतं आणि मग जो भडका उडतो तो पवनचक्कीपेक्षा शेजाऱ्यावरच जास्त असतो.

‘हवी की नको’ या प्रश्नावर तीन तास भांडून हाती काही लागत नाही. गावाला पुढची पंचवीस वर्षं जे भोगायचं किंवा उपभोगायचं असतं, ते ठरतं टर्बाइनच्या (म्हणजे पवनचक्कीच्या) जागांच्या नकाशावर आणि करारातल्या आठ-दहा कलमांवर.

नकाशापासून सुरुवात करू. वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. सरासरी वेग सेकंदाला ६ मीटरऐवजी ७ मीटर असेल तर वाऱ्यात जवळजवळ ५९ टक्के जास्त ऊर्जा असते. कंपनी डोंगराच्या धारेला का चिकटून बसते, याचं उत्तर यात आहे. शिवाय टर्बाइन एकमेकांच्या आडोशाला आले तर मागच्याला मिळणारा वारा मंद आणि खळबळलेला असतो, म्हणून मुख्य वाऱ्याच्या दिशेत दोन टर्बाइनमध्ये रोटरच्या (पात्यांच्या फिरत्या चक्राच्या) व्यासाच्या साधारण ५ ते ८ पट अंतर ठेवतात. रोटर १५० मीटरचा धरला तर हे अंतर पाऊण ते सव्वा किलोमीटर झालं. त्यामुळे ‘हा एक जरा पलीकडे सरकवा’ ही मागणी दिसते तेवढी साधी नसते. एक हलवला की ओळ हलते. तरीही ती करावी. कंपनीकडे प्रत्येक पर्यायी मांडणीचं वार्षिक उत्पादन काढणारं सॉफ्टवेअर असतंच. ‘जमत नाही’ असं उत्तर आलं तर ‘किती टक्के उत्पादन घटतं तो आकडा द्या’ असं म्हणावं. अर्ध्या टक्क्यासाठी चार घरांची झोप मोडायची की दहा टक्क्यांसाठी, या दोन वेगळ्या चर्चा आहेत.

उंची कशी दिसेल यावर कंपनी फोटोत टर्बाइन बसवून दाखवते. ते फोटो खोटे नसतात, पण छोट्या कागदावर छापले की मनोरे काडीएवढे दिसतात. त्यापेक्षा शाळेतली पट्टी घ्यावी. हात सरळ पुढे केला की डोळा ते पट्टी अंतर साधारण ६० सेंटीमीटर. पात्याच्या टोकापर्यंत २०० मीटर उंच असलेला टर्बाइन १ किलोमीटरवर असेल तर तो पट्टीवर १२ सेंटीमीटर भरतो, २ किलोमीटरवर ६, आणि ५ किलोमीटरवर जेमतेम अडीच. आपल्या ओसरीत उभं राहून, नकाशावरच्या दिशेला पट्टी धरून हे पाहिलं की अर्ध्या लोकांची भीती कमी होते आणि उरलेल्या अर्ध्यांची वाढते. दोन्ही उपयोगाचंच.

आता आवाज. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर. आजच्या मोठ्या टर्बाइनची ध्वनिशक्ती पूर्ण जोरात साधारण १०४ ते १०७ डेसिबल असते. हा आकडा वाचून सभेत कुणीतरी ‘म्हणजे कारखान्यातल्या यंत्राशेजारी राहण्यासारखं!’ असं ओरडतं. ते चूक आहे, कारण हा उगमाचा आकडा आहे, घराजवळचा नाही. ढोबळ हिशोब कागदावर करता येतो: अंतराचा (मीटरमध्ये) दहाच्या पायाचा लॉगॅरिदम घ्या, २० ने गुणा, त्यात ८ मिळवा आणि ही बेरीज उगमातून वजा करा. १०६ डेसिबलचा टर्बाइन ५०० मीटरवर असेल तर १०६ वजा ५४ वजा ८, म्हणजे ४४. हवा आणखी एक-दोन डेसिबल गिळते, उरले ४२ च्या आसपास. ८०० मीटरवर हाच हिशोब ३७ च्या घरात येतो. पण तिथे सारख्याच अंतरावर तीन टर्बाइन असतील तर सुमारे ५ डेसिबल वाढतात आणि आपण पुन्हा ४२ वर येतो. म्हणजे ८०० मीटरवरचे तीन हे ५०० मीटरवरच्या एकाएवढेच. फक्त ‘सर्वांत जवळचा टर्बाइन किती लांब’ एवढंच विचारणारे इथे फसतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली युरोपसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात पवनचक्क्यांसाठी दिवस-संध्याकाळ-रात्र मिळून भारित सरासरी ४५ डेसिबलच्या खाली ठेवावी असं म्हटलं आहे. संध्याकाळ आणि रात्रीच्या आवाजाला यात जादा भार दिलेला असतो, त्यामुळे रात्रंदिवस सारखं चालणाऱ्या यंत्राचा हा आकडा साध्या सरासरीपेक्षा सहा-एक डेसिबलने जास्त येतो. कंपनीच्या आवाजाच्या अहवालातला आकडा कोणत्या पद्धतीचा आहे हे न विचारता दोन्ही आकडे शेजारी ठेवून भांडणं निरर्थक.

अहवालात दोन ठिकाणी बोट ठेवा. एक, जमिनीचा गुणांक, म्हणजे जमीन आवाज किती शोषते असं हिशोबात धरलं आहे तो आकडा. कडक जमिनीला ०, मऊ जमिनीला १. १ धरला की घराजवळचा आकडा आपोआप खाली येतो, म्हणून सावध तज्ज्ञ शेतजमिनीलाही ०.५ धरतात. दोन, पार्श्वभूमीचा आवाज कुठे आणि कोणत्या रात्री मोजला. वाऱ्याच्या दिवशी झाडांची सळसळ टर्बाइनला झाकते. निरभ्र रात्री मात्र जमिनीलगत पान हलत नाही आणि शंभर-सव्वाशे मीटरवर चांगला वारा वाहत असतो. खाली चिडीचूप, वर पाती जोरात. तक्रारी बहुतेक याच रात्रींच्या असतात, आणि त्या सरासरी आवाजाच्या नसून पात्यांच्या ‘सप... सप... सप’ अशा चढउताराच्या असतात. ही लय सरासरीत बुडून जाते, म्हणून परवानगीच्या अटीत चढउताराचा वेगळा उल्लेख हवा.

उपायही आहेत. पात्याच्या मागच्या कडेला करवतीसारख्या दातेरी पट्ट्या बसवल्या की दोन-तीन डेसिबल कमी होतात. ‘नाईट मोड’मध्ये पाती हळू फिरवता येतात, उत्पादन थोडं घटतं. पण नाईट मोड खरंच चालू होता की नाही हे बाहेरून कळत नाही. म्हणून टर्बाइनच्या संगणकातली दर दहा मिनिटांची नोंद मागण्याचा हक्क आणि तक्रार आल्यास मोजणीसाठी टर्बाइन बंद-चालू करून देण्याची सक्ती, या दोन गोष्टी लेखी हव्यात. बंद केल्याशिवाय कुठला आवाज वाऱ्याचा आणि कुठला यंत्राचा हे ठरत नाही, आणि मग प्रकरण वर्षानुवर्षं कागदावरच फिरत राहतं.

कानाला न ऐकू येणाऱ्या आवाजाने आजार होतात, हा दावा मात्र टिकलेला नाही. २०२० साली फिनलंड सरकारच्या निधीतून झालेल्या अभ्यासात प्रदीर्घ मोजण्या आणि ऐकण्याच्या चाचण्या केल्या. लक्षणांचं कारण तो आवाज आहे असा पुरावा मिळाला नाही. याचा अर्थ झोप मोडल्याची तक्रार करणारा खोटं बोलतो असा होत नाही. ऐकू येणारा आवाज झोप मोडायला पुरेसा असतो.

फिरत्या पात्यांची सावली घरावर लुकलुकते, तिचं गणित सोपं आहे. मिनिटाला १२ फेरे आणि तीन पाती म्हणजे सेकंदाला ०.६ वेळा सावली. प्रकाशाने येणाऱ्या अपस्माराच्या झटक्यांचा धोका साधारण सेकंदाला ३ च्या वरच्या लुकलुकीत असतो, तेव्हा ती भीती सोडावी. त्रास मात्र खरा आहे, विशेषतः टर्बाइनच्या पूर्वेच्या किंवा पश्चिमेच्या घरांना, सूर्य कलता असताना. जर्मनीत वर्षाला जास्तीत जास्त ३० तास आणि दिवसाला ३० मिनिटं असा सैद्धांतिक हिशोबाचा दंडक आहे. प्रकाशाचा सेन्सर लावून तेवढ्या वेळापुरता टर्बाइन आपोआप थांबवता येतो. इथे वाद घालायला फारसं काही उरत नाही.

पक्षी-वटवाघळांसाठी जागा निवडणं हाच मुख्य उपाय. वटवाघळं मंद वाऱ्याच्या रात्री उडतात, म्हणून त्या मोसमात सेकंदाला साधारण ५ मीटरच्या खालच्या वाऱ्यात पाती थांबवून ठेवली की मरणारी वटवाघळं बरीच घटतात आणि वीज फार थोडी बुडते.

ज्याकडे सभेत कुणी लक्ष देत नाही आणि ज्यावरून नंतर सगळे कपाळाला हात लावतात, ते म्हणजे बांधकाम. एका टर्बाइनच्या पायाला साधारण ४०० ते ६०० घनमीटर काँक्रीट लागतं आणि ते एका दमात ओतावं लागतं. मध्ये खंड पडला तर जुन्या-नव्या थरात सांधा राहतो आणि पाया वाया जाऊ शकतो. एका मिक्सरमध्ये ७-८ घनमीटर मावतं. म्हणजे एका पायासाठी एकाच दिवशी साधारण ५० ते ८५ भरलेले मिक्सर, आणि तेवढेच रिकामे परत. दहा टर्बाइनना याच्या दसपट. वर ६५-७५ मीटर लांबीच्या पात्यांच्या गाड्या, ज्यांच्यासाठी वळणावरची झाडं आणि खांब काढावे लागतात. रस्त्याची, मोऱ्यांची, रस्त्याकडेच्या घरांच्या भिंतींची चित्रफीत काम सुरू होण्याआधी तारखेसह करून ठेवावी. नंतर पडलेला तडा आधीचा की नंतरचा, हे सिद्ध करण्याचा दुसरा मार्ग नाही. विहिरींचं पाणी आणि पातळीही तेव्हाच नोंदवावी.

शेतातले रस्ते साडेचार-पाच मीटर रुंद आणि भरावाचे असतात. भराव पाण्याच्या उतारावर आडवा गेला आणि मोरी छोटी पडली, की पहिल्याच मोठ्या पावसात वरच्या बाजूचं शेत तळं होतं. केबलच्या चरांमध्ये दुसरी चूक होते: वरची काळी माती आणि खालचा मुरूम एकत्र ढीग करून परत भरतात, आणि त्या पट्ट्यात पुढे कित्येक वर्षं पीक बसकं राहतं. दोन ढीग वेगळे ठेवण्याचं कलम एका ओळीचं आहे. पण ते करारात नसेल तर बुलडोझरवाला ते करणार नाही.

पैशाचं बोलायचं तर भाडं ज्याच्या जमिनीत मनोरा त्याला, आणि आवाज शेजाऱ्याला, ही मांडणीच भांडणाचं मूळ आहे. डेन्मार्कने २००९ पासून काही वर्षं असा नियम ठेवला होता की प्रकल्पाचा किमान २० टक्के हिस्सा ४.५ किलोमीटरच्या आतल्या रहिवाशांना विकत घ्यायला देऊ करावा. नुसत्या अंतराच्या नियमाने प्रश्न सुटत नाही: पोलंडने २०१६ साली टर्बाइनच्या उंचीच्या दहापट अंतराची अट घातली, नवे प्रकल्प जवळजवळ थांबले, आणि २०२३ मध्ये अट ७०० मीटरवर आणावी लागली. माझं मत विचाराल तर अंतरानुसार आजूबाजूच्या प्रत्येक घराला ठरावीक वार्षिक रक्कम द्यावी आणि ती गावाच्या सामाईक निधीपेक्षा वेगळी असावी. सामाईक निधीतून गावात दिवे येतात, पण रात्री जागं राहणारं घर तेच राहतं.

शेवटी मोडणीची, म्हणजे प्रकल्प संपल्यावर मनोरे काढून नेण्याची, हमी. प्रकल्प सहसा त्याच कामापुरत्या काढलेल्या वेगळ्या कंपनीच्या नावावर असतो आणि मध्येच विकलाही जातो. ती बुडाली तर मनोरे कुणी काढायचे? मनोऱ्याच्या पोलादाला भंगारात किंमत येते, पात्यांच्या काचतंतूला येत नाही. म्हणून हमीची रक्कम तिऱ्हाईताकडे, पहिलं काँक्रीट पडण्याआधी जमा हवी (पंधराव्या वर्षी नव्हे), भंगाराची किंमत वजा न करता, आणि दर पाच वर्षांनी नव्या दराने फेरआकारणी करून. पाया किती खोलीपर्यंत काढणार तेही मीटरमध्ये लिहून घ्यावं. ‘जमीन पूर्ववत करणे’ या शब्दांत काहीही बसवता येतं. त्याच पानावर आणखी एक ओळ हवी: वीस-पंचवीस वर्षांनी जुने काढून त्याच जागी जास्त उंच टर्बाइन बसवायचे असतील तर ती नवी परवानगी समजली जाईल, आणि आवाजाचा हिशोब पहिल्यापासून होईल.