मोटर एकाच दिशेने फिरते, मग मधला खांब मागे-पुढे कसा? गिअरबॉक्स उघडल्याचा माझा अनुभव

मशीन बंद पडलं नव्हतं, म्हणूनच मी ते इतके दिवस तसंच चालवत राहिले. आधी नुसता आवाज होता. टबात पाणी भरून घुसळण सुरू झाली की ठक... ठक... ठक. कपडे थोडे असले तर बारीक, भरपूर असले तर मशीनचा अख्खा सांगाडा हादरायचा. मग हळूहळू मोठी चादर पूर्वीसारखी उलटेनाशी झाली. पिळणं मात्र ठणठणीत होतं.

आमचं मशीन वरून कपडे टाकायचं, जुन्या पद्धतीचं. टबाच्या मधोमध उंच खांब आणि त्याला चार पंख. या खांबाला अ‍ॅजिटेटर म्हणतात. तो गोल फिरत नाही. अर्ध्यापेक्षा थोडा कमी फेरा इकडे, तितकाच तिकडे, असा मिनिटाला साठेक वेळा जाऊन परत येतो. मशीन दुरुस्त करणारे एक जण येऊन पाहून गेले. त्यांनी मोटर बदला म्हणून सांगितलं. मला ते पटेना. त्याच मोटरवर पिळणं इतकं छान चालत असेल, तर घुसळताना ती कशी काय कमजोर होते?

शेजारचे काका आयुष्यभर फिटर होते. त्यांना विचारलं, “काका, मोटर बदलू का?”

“अगं, मोटरला काय झालंय? आधी ठोका कुठे पडतो ते ऐक.”

त्यांनी लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला, टोक मशीनखालच्या गिअरबॉक्सवर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. मग माझ्या हातात दिला. आवाज इतका स्पष्ट आला की मी दचकलेच. खांब एका टोकाला पोचून वळला की ठक. दुसऱ्या टोकाला वळला की पुन्हा ठक. मधल्या प्रवासात काही नाही.

“वळणावर ठोका म्हणजे कुठेतरी प्ले आलाय, सांधा ढिला झालाय. दात तुटला असता तर मधेच वाजलं असतं,” काका म्हणाले.

तिथून माझा शोध सुरू झाला. घुसळताना मोटर तर एकाच दिशेने फिरते. आमच्या मशीनमध्ये ती एका दिशेने फिरली की घुसळण होते आणि उलट फिरली की पिळणं. घुसळण चालू असताना ती एकदाही उलटत नाही. मग खांबाला ‘आता परत फीर’ असं सांगतं कोण? हे कळल्याशिवाय पाना हातात घ्यायचा नाही, असं मी ठरवलं.

उत्तराचा पहिला भाग टेबलफॅनने दिला. त्याच्या मागच्या डबीत एक छोटा वर्म गिअर, म्हणजे स्क्रूसारखे आटे असलेला गिअर, असतो. तो मोटरची गती खूप कमी करून एक चकती सावकाश फिरवतो. चकतीवर मध्यापासून बाजूला एक पिन असते आणि पिनेला एक पट्टी जोडलेली असते. चकती एक फेरा मारते तेवढ्यात पट्टी एकदा ढकलते, एकदा ओढते, आणि पंख्याचं डोकं डावीकडून उजवीकडे जाऊन परत येतं. गाडीच्या काचेवरचे वायपरही असेच चालतात. पायाने चालवायच्या शिलाई मशीनमध्ये हेच उलट होतं. तिथे पायटा मागे-पुढे होतो आणि चाक गोल फिरतं. मध्यापासून बाजूला पिन असलेल्या अशा फिरत्या भागाला क्रँक म्हणतात. इतकी साधी गोष्ट, पण तिच्यावरून एकेकाळी पेटंटचं भांडणही झालं. १७८० मध्ये जेम्स पिकार्डने वाफेच्या इंजिनासाठी क्रँकचं पेटंट घेतलं, म्हणून जेम्स वॉटने १७८१ मध्ये तिला टाळून गिअरभोवती गिअर फिरवायची वेगळी युक्ती काढली.

मग मी पुठ्ठ्याची प्रतिकृती केली. चार बाजू: फिरणारा क्रँक, जोडदांडा, डोलणारा हात आणि चौथी बाजू म्हणजे खालचा स्थिर पुठ्ठा. जोडदांडा १०० मिमी, डोलणारा हात ६० मिमी आणि दोन खिळ्यांमधलं अंतर ११४ मिमी. क्रँक मात्र मी अंदाजाने ५० मिमीचा कापला आणि तो अडकला. अर्ध्याहून जास्त फिरायचा, मग सगळं ताठ व्हायचं. नियम नंतर समजला. सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्या बाजूची बेरीज उरलेल्या दोघींच्या बेरजेपेक्षा जास्त झाली, तर क्रँकला पूर्ण फेरा मारताच येत नाही. ५० आणि ११४ मिळून १६४, आणि समोर १०० आणि ६० म्हणजे १६०. चार मिलिमीटरने गाडं अडलं होतं. क्रँक २५ मिमीचा केला आणि तो गरागरा फिरला. डोलणारा हात जेमतेम ४९ अंशांतून मागे-पुढे होऊ लागला.

तो पुठ्ठा मी त्या संध्याकाळी किती वेळा फिरवला असेन, सांगता येत नाही. टोकाशी येताना हात आपोआप मंदावतो, क्षणभर थांबतो आणि मग उलटा निघतो. मधे त्याचा वेग सगळ्यात जास्त. माझ्या हाताची गती मात्र सारखीच होती. म्हणजे थांबणं आणि वळणं ही दोन्ही कामं जोडणीच करते, मोटरला त्यासाठी काहीच करावं लागत नाही. साधी इंडक्शन मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. तिला मिनिटाला १२० वेळा, म्हणजे प्रत्येक ये-जा होताना दोनदा, थांबवून उलटी सुरू केली असती तर ती तापून जळाली असती. पल्सेटरच्या, म्हणजे खांबाऐवजी तळाशी फिरणारी चकती असलेल्या मशीनमध्ये मोटर उलटवतात, पण तिथे ती काही सेकंद एका दिशेने फिरते, थांबते आणि मग दुसऱ्या दिशेने फिरते. ती चाल वेगळी.

आता ४९ अंशांवर कपडे काही उलटायचे नाहीत. म्हणून डोलणाऱ्या हाताच्या दुसऱ्या टोकाला दात असतात. पूर्ण चाक नाही, चाकाचा एक तुकडा, विड्याच्या पानासारखा पसरलेला. त्याला सेक्टर म्हणतात. तो खांबाच्या शाफ्टवरच्या लहान गिअरला, पिनिअनला, फिरवतो. आमच्या मशीनमध्ये हे प्रमाण एकास तीन निघालं. म्हणजे सेक्टर ४९ अंश डोलला की खांब १४७ अंश फिरतो.

मशीन उघडायचा दिवस आला. प्लग काढला, मोटरचा कपॅसिटर डिस्चार्ज केला. पहिला अडथळा खांबाचाच. वरचं टोपण आणि आतला बोल्ट निघाला, पण खांब शाफ्टच्या खाचांवर घट्ट बसलेला, साबणाच्या थराने जणू चिकटवल्यासारखा. स्क्रू ड्रायव्हरने उचकटायचा मोह आवरावा. टबाची कड फुटते. टबात कोमट पाणी भरून अर्धा तास ठेवलं, मग खांबाच्या घेराखालून दोरीचा फास घालून दोन्ही हातांनी सरळ वर ओढलं. दुसऱ्या झटक्याला निघाला. आतल्या खाचा तपासल्या. त्या झिजल्या असत्या तर गिअरबॉक्स उघडायची गरजच नव्हती. त्या शाबूत होत्या.

गिअरबॉक्सचं झाकण निघाल्यावर आधी दिसलं ते तेल. दुधात पिठूळ पाणी मिसळावं तसं पांढरट. वरचं सील, म्हणजे शाफ्टभोवतीची पाणी अडवणारी कडी, गेलं होतं आणि टबातलं पाणी शाफ्टवरून आत उतरत होतं. पाणी मिसळलेलं तेल धातूवर टिकत नाही, मग बुश, म्हणजे सांध्यात पिनेभोवती बसणारी धातूची नळी, धातूवर धातू घासत मरतो. रॉकेलने सगळं धुतलं, तेव्हा कुठे आतली रचना उघडी पडली. आणि समोर माझा पुठ्ठा होता, पोलादाचा.

बाहेरची पुली हाताने फिरवली. मोटरवर १४४० फेरे लिहिलेत. पट्टा ते तिसऱ्या हिश्श्यावर आणतो, म्हणजे ४८०. आत आठ दातांचा लहान गिअर ६४ दातांच्या मोठ्या चाकाला फिरवतो, म्हणजे ६०. पुलीचे आठ फेरे झाले की मोठ्या चाकाचा एक फेरा, आणि खांबाची एक पूर्ण ये-जा. मी एकेक फेरा मोजत फिरवत गेले. सेक्टर टोकाला पोचला. अजून थोडी फिरवली. चाकावरची पिन परत निघाली, पण सेक्टर तसाच उभा. पिन आणखी सरकली आणि मग एकदम ‘टक्’ करून सेक्टर तिच्यामागे निघाला. इतके महिने वरून ऐकलेला ठोका माझ्या बोटाखाली पडला होता.

जोडदांड्याच्या दोन्ही टोकांचे बुश लंबगोल झाले होते. दोन्ही मिळून सुमारे तीन मिमीचा प्ले. तीन मिमी ऐकायला काहीच नाही. पण ६० मिमीच्या हातावर ते जवळपास तीन अंश होतात, आणि पुढे एकास तीनच्या गिअरमुळे खांबावर साडेआठ अंश. जी जोडणी हालचाल मोठी करते, ती ढिलेपणही तितकंच मोठं करते. उघडण्याआधी मी खांबावर पुठ्ठ्याची अंशांची चकती चिकटवून मोजलं होतं. एकूण प्ले १५ अंश भरला होता, म्हणजे खांब १४७ ऐवजी जेमतेम १३२ अंश फिरत होता. चादर का उलटत नव्हती, ते आकड्यातच होतं.

लेथवर गनमेटलचे दोन बुश करून घेतले, दाबून बसवले. नवीन सील घातलं. सील बसवताना ज्या बाजूला आतली स्प्रिंग दिसते, ती बाजू ज्या पाण्याला किंवा तेलाला अडवायचं त्याच्याकडे हवी. इथे वरच्या सीलची ती बाजू पाण्याकडे केली. नवीन गॅस्केट, ताजं गिअर ऑइल, झाकणाचे बोल्ट समोरासमोरचे आळीपाळीने आवळले. सगळं जोडून मोजलं: सहा अंश. आवाज खूप कमी, पण वळणावर अजून बारीक टक् होतंच.

वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. दोन दिवस हात लावला नाही. मग पुन्हा उघडलं आणि या वेळी पिनिअनच्या दातांकडे नीट पाहिलं. पहिल्या वेळी बुशच इतके वाईट होते की पुढचं पाहिलंच नव्हतं. पिनिअनला वीस दात. त्यातले नऊ टोकाशी बारीक झालेले, चकाकणारे. उरलेल्या अकरांवर तेलाचा जुना काळपट थर तसाच. ते कधी कामावर आलेच नव्हते! साहजिक आहे. खांब पूर्ण फेरा मारतच नाही, म्हणून पिनिअनचे ठराविक दातच आयुष्यभर राबतात. सेक्टर कठीण पोलादाचा होता, त्याचे दात बरे होते. पिनिअन मऊ धातूचा, तोच झिजला होता.

मी काकांना हाक मारली. “काका, हा अर्धा फेरा फिरवून बसवला तर?”

ते काही क्षण बघत राहिले. “खांबाचे पंख सगळीकडून सारखे आहेत ना? मग त्याला काय फरक पडतोय. बसव.”

सेक्टरची जागा जोडदांडा ठरवतो. पिनिअन पूर्ण गोल असल्याने कुठलाही दात कुठेही बसला तरी चालतो. शाफ्ट वर उचलला, अर्धा फिरवला, पुन्हा खाली सोडला. न वापरलेले दात सेक्टरसमोर आले. झिजलेले नऊ दात पलीकडे गेले.

१९२२ साली मेटॅग कंपनीसाठी हॉवर्ड स्नायडरने खांब टबाच्या तळातून वर आणला आणि अशी खांबाने घुसळायची धुलाई रूढ झाली. १९९१ मध्ये फिशर अँड पेकेल यांनी इलेक्ट्रॉनिक्सने उलटसुलट फिरणारी मोटर थेट टबाखाली बसवली, म्हणजे ना सेक्टर, ना जोडदांडा. पुढे ती पद्धत पसरत गेली. तिथे वळणं कुठे घडतं ते डोळ्यांना दिसत नाही. मला ते दिसलं, याचा फार आनंद आहे.

झाकण लावून पुन्हा मोजलं तेव्हा प्ले दोन अंश भरला. पाणी भरलं, तीच मोठी चादर टाकली, स्क्रू ड्रायव्हर गिअरबॉक्सवर टेकवून मूठ कानाला लावली. तेलात फिरणाऱ्या दातांची एकसारखी घरघर, टोकाशी मंदावणारी आणि पुन्हा चढणारी. चादरीचं एक टोक पंखाखाली गेलं आणि थोड्या वेळाने पलीकडून वर आलं. महिनाभराने तेलाचा बोल्ट सैल करून एक थेंब बोटावर घेतला. तेल स्वच्छ होतं.