जात्यावरच्या ओव्या, सातवीचा वर्ग आणि फुकटातली दोन साधनं

भोर तालुक्यातल्या आमच्या जिल्हा परिषद शाळेत सातवीच्या मुलांनी स्वतःच्या आज्यांच्या ओव्या रेकॉर्ड केल्या, स्वच्छ केल्या आणि त्यांवर हलती चित्रं बनवली. ऑडॅसिटी आणि स्क्रॅच एवढी दोनच साधनं वापरली, आणि दोन्हींना एक रुपयाही लागला नाही. ज्या शिक्षकांना असं काही करायचंय त्यांच्यासाठी हे सगळं लिहिते आहे.

आधी साधनांविषयी. इंटरनेटवर फुकट साधनांचा एवढा सुकाळ आहे की दर आठवड्याला नवं काहीतरी हाती घ्यावंसं वाटतं. मुलांना मात्र त्यातून बटणं कुठं आहेत एवढंच कळतं. म्हणून मी दोनांवर थांबले. ऑडॅसिटी हे ध्वनिसंपादनाचं मुक्त सॉफ्टवेअर 2000 सालापासून उपलब्ध आहे आणि जुन्या संगणकावरही चालतं. स्क्रॅच म्हणजे सूचनांचे रंगीत ठोकळे जोडून हलती चित्रं आणि खेळ बनवायचं साधन. ते अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या मीडिया लॅबमध्ये तयार झालं, 2007 मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. ते ब्राउझरमध्ये चालतं, शिवाय त्याचं ऑफलाइन ॲपही मिळतं. आमच्याकडे नेट म्हणजे माझ्या मोबाइलचा हॉटस्पॉट, त्यामुळे ऑफलाइन ॲप पेनड्राइव्हवरून सगळ्या संगणकांत टाकून घेतलं. एकदा डाउनलोड केलं की नेट गेलं तरी तास बुडत नाही.

ओव्याच का घेतल्या? आमच्या पट्ट्यातल्या साठी-सत्तरीच्या बायका जात्यावर बसल्या की आजही ओवी येते, पण घरात आता जात्यावर बसायची वेळच येत नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातवां या अभ्यासकांच्या पुढाकाराने खेडोपाडी फिरून लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. त्यांतल्या अनेक आज ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळावर ऐकता-वाचता येतात. त्यातल्या काही वर्गात ऐकवल्या. ऐकता ऐकता एक मुलगी म्हणाली, “बाई, हे तर माझी आजी पण म्हणती.” तिथून पुढे मला फार सांगावं लागलं नाही.

रेकॉर्डिंग फोनवरच केलं. इथे एक व्यवहाराची गोष्ट सांगते. बऱ्याच फोनमधलं रेकॉर्डिंग एम-फोर-ए प्रकारचं असतं आणि विंडोजवरच्या ऑडॅसिटीला ते उघडायला एफएफएमपेग नावाची जोडणी वेगळी बसवावी लागते. रेकॉर्डर ॲपमध्ये वेव्ह हा प्रकार निवडता येत असेल तर तो आधीच निवडा. फोन पदराजवळ नको, पदराची सळसळ आवाजात येते. आणि ओवी सुरू व्हायच्या आधी थोडा वेळ सगळ्यांनी गप्प बसायचं. ही शांतता पुढे कामाला येते.

ऑडॅसिटीत नको असलेला आवाज काढायची सोय आहे. आधी फक्त तो आवाज असलेला तुकडा निवडून ओळख करून द्यायची, मग सगळ्या रेकॉर्डिंगमधून तो कमी करायचा. पंख्यासारखा एकसुरी आवाज यात छान जातो. अडचण अशी की जात्याची घरघरही एकसुरीच. एका गटाने जातं फिरत असतानाचा तुकडा निवडला आणि घरघरीबरोबर आजींच्या आवाजातला जीवही गेला, ओवी पाण्याखालून आल्यासारखी वाटायला लागली. मग वर्गात खरी चर्चा झाली: नको असलेला आवाज कोणता? पंखा नको, यावर सगळ्यांचं एकमत. कोंबड्यांवर दोन तट पडले. जात्याची घरघर मात्र राहिलीच पाहिजे, कारण ओवीचा ठेका तीच धरते. हे मुलांनी कानांनी ठरवलं. या सगळ्या कामातला हा तास मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

चित्रांच्या वेळी जातं फिरवायचं होतं. मुलांनी स्क्रॅचमध्ये जातं बाजूने दिसतं तसं काढलं आणि फिरवलं, तर ते चाकासारखं उलटंपालटं व्हायला लागलं. एका मुलाने घरी जाऊन नीट बघितलं. बाजूने बघताना दगड फिरतोय हे फारसं कळत नाही, खुंटा आणि हात तेवढे मागेपुढे होताना दिसतात. मग एका गटाने वरून दिसणारं गोल जातं काढलं, दुसऱ्याने बाजूचंच ठेवून फक्त खुंटा हलवला. वरून काढलेलं जातं डुगडुगत होतं, कारण चित्राचा मध्य संपादकातल्या मध्यखुणेवर नव्हता. तो जुळवल्यावर जातं जागच्या जागी फिरलं.

मग वेग. स्क्रॅचमध्ये चित्र फिरवायच्या निळ्या ठोकळ्यात मुळात 15 अंश असतात. सततच्या आवर्तनात तो सेकंदाला 30 वेळा चालतो, म्हणजे 24 वेळांत एक फेरा, एका सेकंदाच्याही आत. कुठलीच आजी एवढ्या जोरात दळत नाही. मुलांनी रेकॉर्डिंग ऐकत मोबाइलच्या स्टॉपवॉचने फेरा मोजला. तो साधारण तीन सेकंदांचा भरला. 360 भागिले 4 म्हणजे 90, आणि 90 भागिले 30 म्हणजे 3. ठोकळ्यात 4 लिहिलं आणि जातं ओवीबरोबर चाललं. भागाकाराचा असा उपयोग वर्गात मी पहिल्यांदाच बघत होते. संगणक फार जुना असेल तर फेरा रेंगाळतो, तेव्हा आकडा थोडा वाढवायचा.

ओवीचे शब्द मुलांनी फुग्यात टंकले. आजी म्हणाल्या तसेच लिहायचे, पुस्तकी करायचे नाहीत, एवढा एकच नियम मी घातला.

आता संमतीविषयी, कारण याकडे फार दुर्लक्ष होतं. स्क्रॅचच्या संकेतस्थळावर प्रकल्प ‘शेअर’ केला की तो क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली जातो. नाव दिलं आणि तोच परवाना ठेवला की कुणीही तो घेऊन बदलू शकतो. मुलांच्या स्वतःच्या गोष्टींसाठी हे उत्तमच आहे. पण आजींचा आवाज आजींचा आहे. मुलांनी घरोघरी जाऊन हे समजावून सांगितलं. बहुतेक आज्यांचं म्हणणं पडलं की शाळेत आणि घरात ऐका, बाहेर नको. म्हणून आम्ही काहीच शेअर केलं नाही. स्क्रॅचची फाइल चित्रं आणि आवाज पोटात घेऊनच साठते, तीच पेनड्राइव्हवर ठेवली. ज्यांच्या घरी संगणक नाही त्यांना स्वच्छ केलेली ओवी एमपी-थ्री करून फोनवर दिली. पालक सभेत सगळे प्रकल्प दाखवले तेव्हा माउस मुलांच्याच हातात होता.

सहावीला आता मोटेवरची गाणी करायची आहेत. गावात मोट हाकलेले आजोबा मोजकेच उरलेत, त्यामुळे ते काम दिवाळीच्या आधी, शेतातली धावपळ सुरू व्हायच्या आत उरकायचं ठरलं आहे.