बारा पायांचा डायनोसॉर

आमच्या बालवाडीच्या मोठ्या गटाला डायनोसॉरची नावं शिकवायची म्हणून मी झकास तक्ता केला होता. ‘ट्राय’ म्हणजे तीन, ‘केरास’ म्हणजे शिंग, ‘ऑप्स’ म्हणजे चेहरा. पहिल्याच दिवशी फसला. ट्रायसेराटॉप्स मुलं माझ्यापेक्षा सफाईनं म्हणत होती. ग्रीक तुकड्यांशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तक्ता गुंडाळला आणि विचारलं, गल्लीतल्या कुत्र्यांना काय म्हणता? काळू, ठिपक्या, शेपूट तुटलेला तुटक्या. मग म्हटलं, शास्त्रज्ञही असंच करतात, फक्त ग्रीक-लॅटिनमध्ये. तीनशिंग्या!

मग फळ्यावर लिहिलं, बारापासॉरस. एकजण ओरडला, “बारा पायांचा!” मीच हसत सुटले. हे नाव अर्धं बंगाली: मोठ्या पायाचा सरडा. गोदावरीच्या खोऱ्यात, आजच्या तेलंगणात, त्याची हाडं सापडली. मांडीचं एकच हाड सुमारे १.७ मीटर. टेप लावून भिंतीवर खडूनं रेघ मारली, ती माझ्या डोक्याच्याही वर गेली. मग पुढचं कुणाला समजवावं लागलं नाही. त्याचं आडनाव ‘टागोराय’, कारण खोदकाम चाललं होतं त्या काळात, १९६१ साली, रवींद्रनाथांची जन्मशताब्दी होती. आपल्या चंद्रपूरच्या डोंगरगावचा आयसिसॉरस मात्र पोरांना रुचला नाही. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटची आद्याक्षरं, त्यात कसली मजा? मलाही ते पटलं.

खरा गोंधळ ओव्हिरॅप्टरनं घातला. १९२३ मध्ये मंगोलियात त्याचा सांगाडा अंड्यांपाशी सापडला. अंडी दुसऱ्याची समजून पुढच्या वर्षी नाव पडलं ‘अंडेचोर’. सत्तरेक वर्षांनी तशाच अंड्यात पिल्लू सापडलं, ते त्याच्याच कुळातलं. म्हणजे घरट्यातली अंडी बहुधा त्याचीच होती.

“मग नाव बदला ना!” गट खवळला. एकदा रीतसर ठेवलेलं नाव असं बदलत नाही, आधीचं तेच चालतं, हा नियम पाच वर्षांच्या मुलांना सांगून बघा. शेवटी मागच्या रांगेतल्या एकीनं तोडगा काढला: “ताई, कागदावर ते राहू दे. घरी हाक मारायला आपण दुसरं ठेवू.”

डबा संपेपर्यंत भांडण चाललं. ‘अंडूआई’ ठरलं.